वेगळा प्याला

आरोहीला गहू चालत नाही, हे ती सहा वर्षांची असताना कळले. आधी रक्ततपासणी झाली, मग आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला, आणि शेवटी डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला: औषध नाही, गहू आणि जव आयुष्यभर बंद. आजाराचे नाव सीलिअ‍ॅक. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की अशा माणसाचे शरीर स्वतःच्याच आतड्याचे अस्तर कुरतडू लागते. त्या आठवड्यात आमच्या घरातून कणीक गेली, जुना तवा गेला, लाकडी पोळपाटही गेला. ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि नागली यांवर आम्ही तिघांनी संसार बसवला. तीन वर्षांत तिचे वजन आठ किलोंनी वाढले. त्यामुळे निर्णय योग्य होता, असे म्हणता येते.

मी पिंपळगाव बसवंतला एका प्रयोगशाळेत काम करतो. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकांचा किती अंश उरला आहे, ते मोजायचे आणि अहवालावर सही करायची. देव मी मानत नाही. मानावा असा पुरावा अद्याप माझ्यासमोर आलेला नाही. माझी पत्नी हर्षाली कॅथलिक आहे. आमचे लग्न बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये झाले. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी मी शक्य ते सर्व करीन, असे वचन तिने लेखी दिले आणि ते मला वाचून दाखवण्यात आले. त्याच बैठकीत फादरांनी सांगितले, की हे लग्न चर्चच्या नियमानुसार वैध आहे, पण तो संस्कार नव्हे. त्यासाठी वधू आणि वर दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. हर्षालीला त्याचे वाईट वाटले. मला मात्र तो फरक आवडला. एखादी गोष्ट झाली आणि झाली नाही, यांच्यामध्ये जे लोक स्पष्ट रेषा ओढतात, त्यांच्याशी मला बोलता येते.

आरोही नऊ वर्षांची झाली आणि आडगाव नाक्यापलीकडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागली. मेच्या पहिल्या रविवारी चौदा मुलांना पहिला कम्युनियन मिळणार होता. म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस यांवर फादर ख्रिस्ताचे शब्द उच्चारतात. त्यानंतर ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त असते अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, आणि ते मुलांना आयुष्यात प्रथमच ग्रहण करायला मिळते. आरोही घरभर पाठांतर करत हिंडे. “संस्कार म्हणजे ख्रिस्ताने नेमून दिलेली, कृपा देणारी दृश्य खूण. संस्कार सात आहेत.” मग ती सातही बोटांवर मोजून दाखवी आणि गुरुदीक्षेपाशी हटकून अडे.

अडचण साधी होती. मिस्सेतली भाकर म्हणजे कागदासारखी पातळ, पांढरी, गोल चकती. ती गव्हाची असते.

“एवढीशी तर असती,” रंगूआत्या म्हणाली. ही हर्षालीच्या वडिलांची बहीण. निफाडजवळच्या खेड्यातून दर महिन्याला आमच्याकडे येते आणि आल्या दिवसापासून मला सुधारायला घेते. “तेवढ्यानं काय व्हतंय?”

“एका चकतीत साधारण पंचवीस मिलिग्रॅम ग्लुटेन असतं, आत्या.”

“जावईबापू, तुम्ही लग्नात उखाणाबी मिलिग्रॅममधीच घेतला आसंल.” ती हर्षालीकडे वळली. “अगं, फादरनं शब्द म्हणले की ते ख्रिस्ताचं शरीर हाय. मंग त्यात गहू ऱ्हातो कुठं? देवाचं शरीर कुणाला बाधलंय का कधी?”

“आत्या, तू तिला काही देणार नाहीस,” हर्षाली म्हणाली. ती ज्वारीची भाकरी थापत होती आणि थापणे थांबले नव्हते. “पण ती कम्युनियन घेणार. सगळ्यांबरोबर, त्याच दिवशी, त्याच मिस्सेत. कसं, ते मी बघते.”

बघण्याआधीच उत्तर चालत घरी आले. सिस्टर विमला मुलांना धर्मशिक्षण देत आणि कॉन्व्हेंटच्या मागच्या खोलीत, जुन्या लोखंडी साच्यावर, आसपासच्या चार चर्चसाठी चकत्याही भाजत. साठीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आमच्या टेबलावर स्टीलची डबी ठेवली. आत सहा चकत्या होत्या.

“आरोहीसाठी खास बनवल्यात. सर, तुमच्या यंत्रात घालून बघा. काही निघणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी एक चकती प्रयोगशाळेत नेली. तपासणीत ग्लुटेन सापडले नाही. जे काही असेल ते मोजता येण्याच्या मर्यादेखाली होते. मी हर्षालीला फोनवर आकडा सांगितला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. “फ्रॉक शिवायला टाकते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आकडा फार चांगला होता. फार चांगला आकडा आला की मी नमुना पुन्हा पाहतो. ही सवय आहे, संशय नव्हे. गव्हातून ग्लुटेन काढता येते, पण लोखंडी साचा आणि गॅसची शेगडी यांच्या बळावर इतके काढता येत नाही. मी चकतीचा कोपरा पाण्यात कालवला आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गव्हाच्या पिठाचे मोठे कण चपटे, गोलसर, मसुराच्या आकाराचे दिसतात. इथे सगळे कण बारीक, कोनदार, एकमेकांना चिकटलेले होते. गव्हाचा एकही कण नव्हता.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी मी कॉन्व्हेंटमध्ये गेलो. सिस्टर साचा पुसत होत्या.

“तांदूळ आहे,” मी म्हणालो.

“इंद्रायणी,” त्या म्हणाल्या. “साधा तांदूळ नाही घेतला मी. आणि खोटं बोलले नाही, सर. तुम्ही विचारलंच नाही.”

“फादरांना माहीत आहे?”

“त्यांनीही विचारलं नाही.”

मी आदल्या रात्री आरोहीचे पुस्तक चाळले होते. कम्युनियनची भाकर फक्त गव्हाची असावी लागते. इतर कशावरही फादरांनी शब्द उच्चारले तर काहीही घडत नाही. त्यात पळवाट नव्हती.

“सिस्टर, फादर शब्द म्हणतील तेव्हा या तांदळाचं काय होईल?”

त्यांनी साचा एकदा पुसला, पुन्हा पुसला. “काही नाही. तांदूळच राहील.”

“आणि आरोही त्याला आमेन म्हणेल.”

“लेकरू आहे हो! देव काय कायद्याचं पुस्तक उघडून बसलाय? तिची श्रद्धा खरी आहे, तेवढं पुरे त्याला. तेरा पोरं रांगेत जाणार आणि ही एकटी बाकावर बसून बघणार, हे मला नाही सोसवत.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्हाला काय फरक पडतो, सर? तुमच्या लेखी गव्हाचंही काही होत नाही आणि तांदळाचंही नाही.”

प्रश्न बिनचूक होता. मी गप्प राहिलो असतो तर कोणाच्याही आतड्याला इजा झाली नसती, आरोही आनंदात असती आणि जगातले एकही मापन चुकले नसते.

“माझ्या लेखी दोन्ही सारखेच,” मी म्हणालो. “तिच्या लेखी नाहीत. ते तुम्हीच तिला शिकवलंय, आणि चांगलं शिकवलंय. डबीवर जे लिहिलंय ते डबीत नसेल, तर मी त्यावर सही करू शकत नाही.”

“डबीवर काही लिहिलेलं नाही.”

“तुम्ही ती कम्युनियनची म्हणून दिलीत, सिस्टर.”

त्यांनी साचा मिटवला. रागावल्या होत्या, पण डबी परत घेतली.

हर्षालीला सांगणे जास्त कठीण होते. ती शिंप्याकडे फ्रॉकचे माप देऊन नुकतीच आली होती. ऐकून खुर्चीवर बसली.

“नसतं सांगितलंस तर?”

“तुला कधीच कळलं नसतं.”

“मग का सांगितलंस?”

“तू मला विचारलं असतंस तर मी खरं तेच सांगितलं असतं. तू विचारेपर्यंत थांबणं म्हणजे विमला सिस्टरांसारखं झालं असतं.”

ती उठली. चेहरा धुऊन आली, केस बांधले. “मी वचन दिलंय,” ती म्हणाली. “तिला तांदळाची पापडी चारून फोटो काढीन, असं नव्हतं दिलं. गाडीची किल्ली घे. फादरांकडे जायचं.”

फादर निकाळे उंच, किरकोळ गृहस्थ. बोलण्याआधी चष्मा काढतात. आत्याही आमच्याबरोबर आली होती आणि तिने पहिला प्रश्न स्वतःचाच घातला: ख्रिस्ताचे शरीर झाल्यावर गहू राहतो कुठे?

“रंगूबाई, बदलतं ते आतलं तत्त्व,” फादर म्हणाले. “रूप बदलत नाही. रंग, चव, वजन, सगळं आधीसारखंच. द्राक्षारस जास्त प्यायलो तर मला चढेलसुद्धा. गव्हाचं जे बाधायचं ते बाधतंच.”

“म्हणजे मी प्रयोगशाळेत तपासलं तर आधी आणि नंतर यात फरक दिसणार नाही?” मी विचारले.

“अजिबात नाही. दिसला तर मलाच काळजी वाटेल.”

एवढ्या वर्षांत चर्चच्या शिकवणुकीपैकी माझ्या उपकरणांशी कोठेही भांडण नसलेले हे पहिलेच विधान मी ऐकले. ते माझ्या उपकरणांच्या कक्षेबाहेर होते, म्हणूनच भांडण नव्हते, हे मला समजत होते. तरी ते नीट बांधलेले होते.

मग फादरांनी मार्ग सांगितला. अगदी कमी ग्लुटेनच्या, पण गव्हाच्याच चकत्या परदेशात मिळतात. त्या मागवून येईपर्यंत जुलै उजाडला असता. दुसरा मार्ग आजच उपलब्ध होता. आरोहीने भाकर घ्यायचीच नाही. फक्त द्राक्षारस घ्यायचा.

“म्हणजे अर्धंच?” हर्षालीने विचारले.

“अर्धं नसतं ते. भाकरीत पूर्ण ख्रिस्त, द्राक्षारसातही पूर्ण ख्रिस्त. एका थेंबातसुद्धा. तिला इतरांपेक्षा रतीभरही कमी मिळणार नाही.”

हर्षालीने सुस्कारा टाकला. मी मात्र पुढच्या रविवारी मिस्सेला गेलो आणि तिसऱ्या बाकावर बसलो. कोणतीही प्रक्रिया मान्य करण्यापूर्वी ती एकदा पाहावी लागते. भाकर मोडण्याची वेळ आली. फादरांनी मोठी चकती दोन्ही हातांनी मोडली, तिचा नखाएवढा तुकडा वेगळा केला आणि काहीतरी पुटपुटत तो प्याल्यात टाकला.

मी हर्षालीकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते. मग मी आजूबाजूला पाहिले. दोनशे माणसे होती, आणि सगळ्यांनी तो तुकडा आयुष्यभर दर रविवारी प्याल्यात पडताना पाहिला होता.

मिस्सेनंतर मी फादरांना गाठले. “तो तुकडा द्राक्षारसात का टाकता?”

“फार जुनी रीत आहे. ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त एक आहेत, याची खूण...” वाक्य तिथेच थांबले. त्यांनी चष्मा काढला. “अठ्ठावीस वर्षं रोज टाकतोय. आणि तिला मी तोच प्याला देणार होतो.”

त्यामुळे वेगळा प्याला ठरला. लहान, त्याच वेदीवर, त्याच मिस्सेत. पण तुकडा न टाकलेला आणि ताठ कापडी झाकणाखाली ठेवलेला. यावर आक्षेप येईल असे मला वाटले नव्हते. फादरांच्या खोलीत आमच्याबरोबर बसलेली आत्या मात्र उभी राहिली.

“वेगळा प्याला नाय चालायचा.”

“आत्या, तिच्या आजारासाठी...” हर्षाली सांगू लागली.

“मला आजार सांगू नको. माझ्या आज्याला गावात वेगळं भांडं व्हतं. कान तुटलेलं, गोठ्याच्या वळचणीला टांगलेलं. प्यायला पानी वरून वतायचे. हितं सगळ्यांना एकच प्याला हाय, हे बघून आज्यानं बाप्तिस्मा घेतला. आन आता त्याच्या पणतीच्या पोरीला देवाच्या दारात वेगळा प्याला?”

माझे आजोबा दिंडोरीकडचे बागायतदार. आमच्या गोठ्याच्या वळचणीला काय टांगलेले असे, ते मी लहानपणी पाहिले होते, आणि ते काय आहे असे कधीही विचारले नव्हते. मी खाली पाहिले.

फादरांनी घाई केली नाही. “रंगूबाई, ते भांडं वेगळं होतं, कारण तुमच्या आजोबांनी तोंड लावलेलं दुसरं कुणी तोंडाला लावत नसे. बरोबर?”

“व्हय.”

“मग असं करू. आरोही आधी पिईल, आणि तिच्यानंतर तोच प्याला तुम्ही घ्याल. हर्षाली घेईल. आणखी कुणाला घ्यायचा असेल तो घेईल. तिचा पहिला घोट, एवढाच फरक.”

आत्याने बराच विचार केला. “पोरीच्या आधी कुणी नाय?”

“कुणी नाही.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. “मानाचा हाय म्हना की.”

मी एक पान टंकलिखित केले. लहान प्याला नवा, आधी कशालाही न वापरलेला असावा. पुसायचे कापड वेगळे असावे. शब्द उच्चारताना झाकण काढावे आणि भाकरीला हात लावण्यापूर्वी परत ठेवावे. झाकण आरोहीने स्वतः उचलावे, कारण फादरांच्या बोटांना कण असतील. आणि भाकर मोडल्यानंतर प्याला उघडा आढळला, तर त्यातले पिऊ नये. फादरांनी पान वाचले आणि वेदीमागच्या खोलीत कपाटावर चिकटवले. आरोहीने ते सात संस्कारांच्या पाठोपाठ पाठ केले, आणि या यादीत ती कोठेही अडत नसे. आदल्या शनिवारी तिचे पहिले पापनिवेदन झाले. ती बाहेर आल्यावर मी सहज विचारले, काय सांगितलेस? तिने माझ्याकडे दयेने पाहिले. “पप्पा, ते फादरसुद्धा कुणाला सांगू शकत नाहीत. मग मी कशाला सांगू?”

रविवारी चर्च भरले होते. घरी साठ माणसांचा स्वयंपाक शिजत होता. सात मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, सात मुलगे पांढऱ्या शर्टात. आरोही रांगेत पहिली, कारण पहिला घोट तिचा होता. मी तिसऱ्या बाकावर, हर्षाली आणि आत्या यांच्यामध्ये.

फादरांनी लहान प्याल्यावरचे झाकण काढले आणि दोन्ही प्याल्यांवर शब्द उच्चारले. मग घंटा वाजली, मग गाणे सुरू झाले, मग फोटोवाला वेदीच्या फार जवळ गेला आणि फादरांनी त्याला हाताने मागे सारले. त्या गडबडीत झाकण वेदीच्या कापडावर पडून राहिले. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मोठी चकती उचलली आणि नेहमीच्या जागी मोडली. ती जागा नेमकी दोन्ही प्याल्यांच्या वर होती. तुकडा त्यांनी मोठ्या प्याल्यात टाकला. ते बरोबर होते. लहान प्याल्यात काही पडले का, हे मला बाकावरून दिसले नाही. कोणालाच दिसणे शक्य नव्हते.

रांग पुढे सरकली. फादरांनी लहान प्याला उचलून आरोहीसमोर धरला.

“ख्रिस्ताचे रक्त.”

यावर आमेन म्हणायचे असते. आरोहीने प्याल्याकडे पाहिले.

“फादर, झाकण कुठंय?”

पुढच्या चार बाकांना ते ऐकू गेले. फादर मागे वळले. वेदीवर पांढऱ्या कापडावर पांढरे झाकण पडलेले होते.

“पडलं का यात काही?” तिने विचारले.

फादरांनी प्याल्यात डोकावून पाहिले. द्राक्षारस गडद होता. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर तेरा मुले, दोनशे माणसे आणि फोटोवाला यांच्यासमोर ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता.

“मला खात्री नाही, बाळा,” ते म्हणाले.

आरोहीने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मी हिशेब करू लागलो होतो. चकती मोडताना उडणारा कण फार तर दहा मिलिग्रॅमचा. त्यात ग्लुटेन एक मिलिग्रॅम. एका दिवसात दहापर्यंत बहुतेक रुग्णांना बाधत नाही, असे अभ्यास सांगतात. कण पडलाच असेल याची शक्यताही अल्प. मी मान हलवून होकार दिला असता, तर तो आकड्यांच्या आधाराने दिलेला होकार ठरला असता. शेजारी हर्षालीची मूठ घट्ट आवळलेली होती. आत्या पुटपुटत होती, “घे गं माय, घे, काय व्हत नाय.”

माझा हिशेब पूर्ण होण्याआधीच आरोहीने दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले. कम्युनियन घ्यायचा नसेल आणि फक्त आशीर्वाद हवा असेल, तर असे हात ठेवतात. फादरांचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी मनगटानेच तिच्या कपाळाजवळ क्रूस काढला. बोटे लागू दिली नाहीत. ती बाजूला झाली आणि आपल्या जागी जाऊन ताठ बसली. तिच्यामागून तेरा मुलांनी कम्युनियन घेतला. ती प्रत्येकाकडे बघत होती. रडली नाही.

बाहेर आल्यावर आत्याचा संयम सुटला. “साठ मानसं जेवायला बोलावली, आन ज्याच्यासाठी बोलावली तेच झालं नाय! पोरगी हाय का वकील हाय?”

“उद्या होईल,” हर्षाली म्हणाली. तिने आरोहीच्या डोक्यावरची फुलांची जाळी सरळ केली. “सकाळी साडेसहाची मिस्सा असते. आज सगळ्यांनी जेवायचं.”

फादर वेदीवरचे कपडे न बदलताच धावत आले होते. “चूक माझी,” ते आरोहीला म्हणाले. “उद्या येशील?”

“हो,” आरोही म्हणाली. “पण झाकण?”

“भाकर हातात घेण्याआधी मी मोठ्यानं म्हणेन, झाकण ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

सोमवारी सकाळी पांढरा फ्रॉक नव्हता. जेवणात त्यावर रस्सा सांडला होता. आरोही निळ्या साध्या फ्रॉकमध्ये निघाली. चालताना मी तिला खरे ते सांगितले, कारण ते न सांगणे मला योग्य वाटले नाही.

“काल घेतलं असतंस तरी बहुधा काही झालं नसतं.”

“बहुधा?” ती थांबली. “पप्पा, तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिता का बहुधा?”

“नाही. पण माप किती चुकू शकतं, ते लिहितो.”

“तेच,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

चर्चमध्ये आम्ही चौघे, विमला सिस्टर आणि रोज येणाऱ्या पाच वृद्ध स्त्रिया होत्या. गाणी नव्हती, फोटोवाला नव्हता. दोन्ही प्याल्यांवरचे शब्द संपल्यावर फादर थांबले आणि म्हणाले, “झाकण ठेवलं.” त्या पाचजणी गोंधळल्या, एकीने सवयीने “आमेन” म्हटले. मग चकती मोडली गेली आणि तुकडा मोठ्या प्याल्यात पडला. आरोही एकटीच पुढे गेली. फादरांनी लहान प्याला झाकणासह तिच्यासमोर धरला. तिने झाकण स्वतः उचलले, आत पाहिले आणि ते डाव्या हातात धरून ठेवले.

“ख्रिस्ताचे रक्त.”

“आमेन,” ती म्हणाली. भरलेल्या चर्चसाठी साठवलेला आवाज रिकाम्या चर्चमध्ये फार मोठा झाला. तिने घोट घेतला. आंबट लागला असावा. तोंड वाकडे झाले, मग सरळ झाले.

तिच्यानंतर आत्या गेली. तिने तोच प्याला दोन्ही हातांत घेतला आणि आरोहीने जिथे ओठ टेकवले होते तिथेच, मुद्दाम फिरवून, ओठ टेकवले. मग हर्षाली गेली. परत येऊन ती माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली तेव्हा तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणखी काही करण्याचा अधिकार मला नव्हता.

पायऱ्यांवर विमला सिस्टरांनी मला गाठले. तांदळाच्या प्रकरणानंतर त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या.

“काय सर? आता तरी पटलं का?”

“नाही.”

“मग पहाटे उठून आलात कशाला?”

“द्रव्य बरोबर आहे ना, ते पाहायला. गव्हाचा कण नव्हता, द्राक्षारस खरा होता, शब्द पूर्ण होते. तुमच्या नियमांनुसार हा संस्कार झाला, सिस्टर. एवढं मी लिहून देईन.”

“सहीनिशी?”

“सहीनिशी.”

त्यांनी मान हलवली, होकाराची की हताशपणाची ते कळले नाही, आणि भराभर कॉन्व्हेंटकडे चालू लागल्या. फाटकापाशी आरोही आत्याला सांगत होती, की हे एकदाच नसते, दर रविवारी असते, आणि म्हणून आत्याला आता निफाडहून दर रविवारी यावे लागेल.